मागचा दिवा

मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे कौतुक सर्वांनाच असते. रात्री रस्ता तेच दाखवितात, वळणावरचा दगड आणि खड्डा तेच उजळतात, आणि त्यांतला एखादा बिघडला तर मोटार चालविणाऱ्याला ते तत्काळ कळते. मागच्या दिव्याचे तसे नाही. मोटार चालू असताना तिच्या मालकाला तो कधीच दिसत नाही. तो पेटला काय किंवा विझला काय, मालकाच्या वाटेवरचा उजेड तसूभरही कमीअधिक होत नाही. हा दिवा लावायचा तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले म्हणजे पुढची मोटार दिसेनाशी होते; दिसतात ते केवळ दोन तांबडे ठिपके. त्या ठिपक्यांच्या भरवशावर मागचा माणूस अंतर राखून असतो. ठिपके एकाएकी ठळक झाले की पुढच्याने ब्रेक दाबला हे तो ओळखतो आणि आपलाही पाय ब्रेकवर ठेवतो. दोघांची ओळख नाही, बोलणे नाही. तरी तेवढ्या तांबड्या खुणेवर दोघांचेही प्राण अवलंबून असतात.

या दिव्याची घडण पूर्वी फार साधी असे. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके धावलेली काळी-पिवळी पद्मिनी मोटार ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या सेवेतून निवृत्त झाली. तिच्या पिढीतील मोटारींच्या मागच्या दिव्याची काच बाहेरून स्क्रूंनी बसविलेली असे. पेचकस फिरवावा, काच अलगद हाती घ्यावी, बल्ब किंचित दाबून वळवावा, की तो बाहेर आलाच. त्या बल्बात दोन तारा असत. एक पाच वॅटची आणि दुसरी एकवीस वॅटची. रात्री नुसता दिवा लावला की पहिली तार जळे आणि ब्रेक दाबला की दुसरी. बल्बाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन खुंट्या असत, परंतु त्या एका उंचीवर नसत. त्यामुळे घाईत असलेल्या माणसाने बल्ब उलटा बसवावयाचे म्हटले तरी तो बसत नसे. ज्याने कोणी ही युक्ती योजिली त्याला अंधारात, पावसात, रस्त्याच्या कडेला बल्ब बदलणाऱ्या माणसाची आठवण होती, असेच म्हणावे लागेल.

आजच्या मोटारीचा मागचा दिवा हाती घेतला तर चित्र निराळे दिसते. तो मोटारीपासून सोडविण्यासाठी नट असतात. पण सुटून हाती आलेला दिवा पुढे उघडावयाला कोठेही जागा नसते. पूर्वीच्या सवयीने ज्याला सर्व जण ‘काच’ म्हणतात ती काच नसून ॲक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. तिच्या मागचे काळे खोके, म्हणजे दिव्याचे घर, दुसऱ्या एका प्लास्टिकचे असते. कारखान्यात या दोन्ही भागांच्या कडा तापलेल्या पाटीवर टेकवून मऊ करतात आणि लगेच एकमेकींवर दाबून धरतात. कधी पाटीऐवजी जोराच्या कंपनाने कडा घासून उष्णता निर्माण करतात. कसेही केले तरी परिणाम एकच : निवाल्यावर दोन कडांची एक कड होते. तेथे चिकटविलेले असे काही उरत नाही.

एवढा बंदोबस्त कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर हवेच्या साध्या गुणधर्मात आहे. दिवा लागला की त्याच्या आतली हवा तापून फुगते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. दिवा विझला की उरलेली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. जणू दिवा श्वासोच्छ्वासच करीत असतो. त्या वेळी फटीवर पावसाचे पाणी असेल तर हवेबरोबर तेही आत जाते. म्हणून कडा पक्क्या मिटवितात आणि श्वासासाठी एखादे लहानसे छिद्र ठेवून त्यावर असा पडदा लावतात, की ज्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. ही योजना उत्तम आहे यात शंका नाही. अडचण इतकीच, की पाण्याला मज्जाव करणारी ही कड दुरुस्ती करणाऱ्याच्या हातालाही मज्जाव करते. ज्या दिव्यात बल्ब आहे त्याचा बल्ब निदान पाठीमागच्या भोकातून बदलता येतो. परंतु अलीकडच्या अनेक दिव्यांत बल्बाच्या जागी एलईडी, म्हणजे प्रकाश देणारे बारीक मणी असतात आणि ते त्या मिटलेल्या घरात कायमचे कोंडलेले असतात. त्यांतला तांदळाएवढा मणी निकामी झाला तरी बाजारातून सबंध दिवा विकत आणावा लागतो. भारत सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. हक्क कागदावर येणे चांगलेच. पण मिटलेली कड कागदाने उघडत नाही. तिला हातच लागतो.

असे हात मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला पुष्कळ आहेत. ज्या कुर्ल्यात प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातून एके काळी पद्मिनी मोटारी बाहेर पडत, त्याच कुर्ल्यातील सी.एस.टी. रोडवर मोटारींच्या नव्याजुन्या सुट्या भागांची दुकाने ओळीने मांडलेली आहेत. तेथे जवळच्या एका गल्लीत एक मिस्त्री केवळ दिव्यांचे काम करीत असे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर खिळ्यांना फुटके दिवे टांगलेले. डावे एका भिंतीवर, उजवे दुसऱ्या भिंतीवर. पायांतल्या वहाणांप्रमाणे दिव्यांतही डावे-उजवे असते आणि एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. दिवाळीच्या सुटीत मिस्त्रीचा बारा वर्षांचा भाचा त्याच्याकडे राहावयास आला होता. त्याला दिवसभर दुकानात बसण्याची परवानगी होती. करवतीला हात लावण्याची नव्हती.

एके सकाळी भाड्याची मोटार चालविणारा एक मनुष्य आपला डावा दिवा घेऊन आला. पावसाळ्यात कोणाची तरी रिक्षा मागून आपटली होती आणि दिव्याच्या काचेला तडा गेला होता. तडा बारीक म्हणून त्याने महिनोन्महिने दुर्लक्ष केले. त्या तड्यातून पाणी शिरत राहिले, आणि आता ब्रेक दाबला की निम्माच दिवा लागत असे. नव्या दिव्याची किंमत विचारून तो आला होता आणि ती ऐकून त्याचा चेहरा उतरला होता.

मिस्त्रीने भिंतीवरून त्याच बनावटीचा दुसरा डावा दिवा काढला. तो भंगारात निघालेल्या मोटारीचा होता. त्याचे घर चेपून फुटले होते, मोटारीला बसविण्याचे कान तुटून गेले होते. पण काच अभंग होती. ड्रायव्हरच्या दिव्याचे नेमके उलट होते. घर धड आणि काच फुटकी. एकाची काच आणि आतले मणी काढून दुसऱ्याच्या घरात बसविले तर दोन टाकाऊ दिव्यांतून एक कामाचा दिवा तयार होणार होता. बोलावयास हे सोपे. पण दोन्ही दिवे मिटलेले होते, आणि दोन्ही असे उघडावयाचे होते की एकाची काच वाचावी आणि दुसऱ्याचे घर.

“मामा, काल तो पुढचा दिवा भट्टीत तापवून उघडला ना, तसाच हाही उघडू या की,” भाचा म्हणाला.

मिस्त्रीने त्याला नाही म्हटले नाही. जुन्या मागच्या दिव्याचा एक तुकडा, ज्यात काच आणि घर दोन्ही जोडलेले होते, त्याने भाच्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या देखरेखीखाली त्यावर गरम हवा सोडावयास सांगितले. थोड्या वेळाने काच मेणासारखी वाकली, तिचा चकचकीत पृष्ठभाग सुरकुतला, पण कड होती तशीच राहिली.

“उघडायच्या आधी तो मिटला कसा, ते बघायचं असतं,” मिस्त्री एवढेच म्हणाला.

पुढच्या दिव्याची गोष्ट खरोखरच वेगळी असते. त्याची काच आणि घर अशा दोन जातींच्या प्लास्टिकची असतात की त्यांचे एकमेकांशी वितळून ऐक्य होत नाही. म्हणून घराला खोबण ठेवतात आणि त्या खोबणीत चिकट पदार्थ भरून काच बसवितात. अनेक दिव्यांत हा चिकट पदार्थ ब्युटिल नावाचे एक रबर असते. सुमारे शंभर अंशांपर्यंतची ऊब मिळाली की ते सैल पडते, आणि काच व घर मात्र शाबूत राहतात. मागच्या दिव्यात तशी दुबळी जागाच नाही. तेथील कड काचेच्या आणि घराच्या अंगचीच असल्यामुळे ती मऊ होईपर्यंत तापवावे तर सगळा दिवाच मऊ होतो. तेथे करवतीवाचून उपाय नसतो.

मिस्त्रीने दिवा दाराशी उजेडात धरला आणि कडेवरून अंगठा फिरविला. वितळून दाबताना बाहेर आलेल्या प्लास्टिकची एक बारीक वरवंडी कडेने गेलेली असते. डोळ्याला ती दिसो न दिसो, अंगठ्याला कळते. पांढऱ्या पेन्सिलीने त्याने तिच्या बाजूने रेघ ओढली. भंगारातल्या दिव्यावर रेघ घराच्या बाजूला होती आणि ड्रायव्हरच्या दिव्यावर काचेच्या बाजूला. भाच्याने कारण विचारले नाही. थोडा वेळ दोन्ही रेघांकडे पाहून त्याने ते स्वतःच ओळखले. करवत जाते तेथले एखाद मिलिमीटर प्लास्टिक भुशाच्या रूपाने नाहीसे होते. ते नुकसान ज्या भागाची गरज नाही त्याच्या पदरात टाकावयाचे. उरलेली जास्तीची कड मागाहून कानशीने घासून काढता येते. पण कापलेली परत वाढविता येत नाही.

मग मिस्त्रीने डोळ्यांना चष्मा लावला, नाकाला फडके बांधले आणि भाच्यालाही चष्मा देऊन चार हात दूर बसविले. फुटक्या ॲक्रिलिकची चीप काचेइतकीच धारदार असते आणि ती कोठे उडेल याचा नेम नसतो. करवतीचे पाते बारीक दातांचे होते, आणि ते चालत होते अगदी संथपणे. पाहणाऱ्याला कंटाळा यावा इतके संथ. परंतु त्या संथपणाला कारण होते. पाते भरभर चालविले तर घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि पाते पुढे सरकताच कापलेली जागा मागून पुन्हा चिकटते. घाई करणाऱ्याला तासाभराने कळते की आपण काहीच कापलेले नाही. दोन्ही दिवे कापून होईपर्यंत दुपार झाली. एका कोपऱ्यावर मात्र पाते किंचित आत घसरले आणि ड्रायव्हरच्या दिव्याच्या घरावर नखाएवढी खाच पडली. मिस्त्रीने ती पाहिली, तिच्याभोवती पेन्सिलीने गोल केला, आणि तो पुढच्या कामाला लागला.

भंगारातला दिवा उघडला तेव्हा भाचा उठून जवळ आला. बाहेरून तांबडी दिसणारी ती वस्तू आतून चांदीच्या वाटीसारखी लखलखत होती. ती झिलई ॲल्युमिनियमची असते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती प्लास्टिकवर बसू देतात. त्या थराची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी असते. भाच्याने बोट पुढे केले, आणि मामाने ते वरच्यावर धरले. त्या झिलईवर बोट फिरविले तर ओरखडा उठतो, आणि तो कशानेही भरून निघत नाही. धूळ काढावयास तो बाटलीतला थिनर आणू लागला, तेव्हाही त्याला थांबावे लागले. थिनर किंवा स्पिरिट लागले की ॲक्रिलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. तेथे साबणाचे पाणी आणि मऊ फडके हेच खरे.

चांदीच्या त्या वाटीत एक पट्टी होती आणि पट्टीवर मणी. मिस्त्रीने मीटरच्या दोन सुया एकेका मण्याच्या दोन टोकांना लावल्या. प्रत्येक मणी मंदसा तांबडा उजळला. ड्रायव्हरच्या दिव्यातील पट्टीवर मात्र हिरवा कळंक चढला होता. तेथले बहुतेक मणी सुईला उत्तर देत होते, तरी दिवा अर्धा अंधारात होता. ही गंमत भाच्याला उलगडेना. मणी चार-चारांच्या माळेत ओवलेले असतात आणि वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. माळेतील एक जागा तुटली की बाकीचे तीन निरोगी असूनही विझून बसतात. येथे तर एका माळेचा एकही मणी मेला नव्हता. त्यांच्या वाटेवरचा एक लहानसा रोधक पाण्याने गंजून तुटला होता. पाण्याचा एक थेंब, आणि त्यापायी नवा दिवा घेण्याची पाळी!

या तांबड्या मण्यांचा इतिहास फार जुना नाही. डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक या शास्त्रज्ञाने १९६२ साली तयार केला. बल्बाची तार तापून लाल, मग पिवळी, मग पांढरी होते, तेव्हा कोठे तिचा प्रकाश भरतो. त्यातलाही तांबडा तेवढा काचेतून बाहेर पडतो आणि बाकीचा आतच अडतो. एलईडीला तापण्याची वाट पाहावी लागत नाही आणि तो तांबडाच जन्मतो. बल्बाला पूर्ण उजळण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी उजळतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे काय, तर पापणी लवण्याइतका वेळ. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे आलेली असते, आणि लहान मोटारीची सबंध लांबीही तेवढी नसते. मागच्या माणसाला इशारा तितके अंतर आधी मिळतो. याच कारणासाठी मिस्त्रीने एलईडी काढून त्या जागी बल्ब बसविण्याचा सोपा मार्ग धरला नाही.

भाच्याला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ड्रायव्हरच्या फुटक्या काचेच्या एका टोकाला, आतल्या अंगाने, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी होती. तिच्यामागे दिवा नव्हता, तार नव्हती, काही नव्हते. मिस्त्रीने दाराला पडदा लावून अंधार केला, भाच्याच्या डोळ्याशी टॉर्च धरला, आणि तो तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा करून ठेवला. तुकडा निखाऱ्यासारखा पेटला. तुकडा जरा इकडे वळविला, जरा तिकडे वळविला. तरी तो तसाच उजळत राहिला. आरसा थोडा वळविला की त्याचे तेज भलतीकडे जाते. हा तुकडा मात्र प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवीत होता. त्या नक्षीतला प्रत्येक कण म्हणजे तीन पृष्ठभागांचा एक कोपरा असतो. खोलीत दोन भिंती आणि जमीन जेथे मिळतात तसा. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनही अंगांवर आपटून आल्या वाटेने माघारी फिरतो. मोटारीची वीज पार संपली, सगळे दिवे विझले आणि ती रस्त्याच्या कडेला अंधारात उभी राहिली, तरी मागून येणाऱ्याच्याच दिव्याचा उजेड त्याच्याच डोळ्यांकडे परत पाठवून हा तुकडा सांगतो, की येथे काहीतरी उभे आहे.

याच युक्तीचे कोपरे चंद्रावरही आहेत. १९६९ साली अपोलो ११ मधून गेलेल्या अंतराळवीरांनी तेथे असे शंभर काचेचे कोपरे एका चौकटीत मांडून ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण त्यांवरून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून चंद्राचे अंतर मोजतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताच्या चांद्रयान-३ मधील विक्रम हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्यावरही आठ कोपऱ्यांची एक चिमुकली चकती बसविलेली आहे. तिला वीज लागत नाही. विक्रमची यंत्रे थंडीने निपचित पडल्यावर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकन यानाने सोडलेला किरण तिने बिनचूक परत पाठविला.

दिवा उघडण्याचे काम येथे संपले. पण उघडलेला दिवा पुन्हा मिटवावयाचा होता, आणि कसोटी लागते ती तेथेच. मिस्त्रीने दोन्ही कडा कानशीने घासून एकमेकींवर बसत्या केल्या, नवी पट्टी ड्रायव्हरच्या दिव्याच्या घरात बसविली, तारांना डाख दिला. भाच्याने सिलिकॉनची एक स्वस्त नळी पुढे केली. मिस्त्रीने ती हुंगून परत दिली. तिला शिरक्याचा वास येत होता. सुकताना तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ आतल्या तांब्याला खाते. त्याने मोटारीच्या पुढच्या काचा चिकटवावयास वापरतात तो काळा चीक घेतला, कडेने अखंड ओघळ दिला, काच दाबून बसविली आणि दोऱ्या गुंडाळून दिवा फळीवर ठेवून दिला. हा चीक हवेतील ओलावा पिऊन घट्ट होतो, तोही बाहेरून आत, सावकाश. त्याला एक दिवस तरी द्यावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलची ट्यूब तपासतात तसा दिवा तपासण्यात आला. श्वासाचे छिद्र बोटाने बंद करून, तारांच्या भोकात रबरी नळी घट्ट बसवून दिवा पाण्याच्या बादलीत बुडविला, आणि भाच्याने नळीतून हळूच फुंकर घातली. पाणी स्तब्ध राहिले. मग एका कोपऱ्यातून, जेथे पेन्सिलीचा गोल होता तेथून, एक बुडबुडा निघाला. थोड्या वेळाने दुसरा.

ड्रायव्हर त्याच वेळी आला. त्याला रात्री साताऱ्याचे भाडे मिळाले होते.

“मिस्त्री, एका बुडबुड्याचं काय घेऊन बसलात? वरून लाल पट्टी मारा आणि द्या बसवून.”

“दादा, आज हा लागेल. उद्याही लागेल. घाटात पाऊस लागला की आत पाणी जाईल आणि पुन्हा माळ जाईल. मग ब्रेक दाबलात तरी मागच्याला कळायचं नाही.”

“मागच्याचं मी काय बघू? गाडीचे हप्ते मला भरायचे आहेत. आजची रात्र गेली तर ते पैसे मला कोण देणार?”

या प्रश्नाला मिस्त्रीपाशी उत्तर नव्हते. एका रात्रीच्या भाड्याची किंमत त्याला ठाऊक होती. त्याचे स्वतःचे पोटही रोजच्या कामावरच चालले होते. आणि ड्रायव्हर लबाड मनुष्य नव्हता, अडचणीत आलेला मनुष्य होता. शिवाय त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. पाऊस येईलच असे नव्हते; दिवाळी सरत आली होती. मिस्त्री काही वेळ दिवा पालथा-उताणा करीत राहिला.

“गाडी तुमची आहे,” तो अखेर म्हणाला. “न्यायची तर न्या. पण हा दिवा मी आज बसवणार नाही. खाच माझ्या हातानं पडली आहे, म्हणून या कामाचा मी एक पैसाही घेणार नाही. उद्या संध्याकाळी या.”

ड्रायव्हर काही न बोलता बाकावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून फोन काढला आणि साताऱ्याचे भाडे दुसऱ्या एका ड्रायव्हरला देऊन टाकले. बोलताना त्याचा आवाज कोरडा होता. जाताना त्याने मिस्त्रीचा निरोप घेतला नाही. मिस्त्रीने दिवा पुसला, कोपऱ्यातला चीक खरवडून काढला, खाच भरून पुन्हा ओघळ दिला, आणि दिवा फळीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी बादलीतले पाणी शेवटपर्यंत स्तब्ध राहिले. भाच्याचे गाल फुंकून फुंकून दुखू लागले, तरी बुडबुडा म्हणून निघाला नाही. ड्रायव्हर ठरल्या वेळेच्या आधीच आला होता. दिवा बसविल्यावर तो आपण होऊन मोटारीत जाऊन बसला आणि त्याने ब्रेक दाबला. “लागतो का?” त्याने आतून विचारले, कारण त्याला स्वतःला तो दिसत नव्हता. “लागतो, लागतो! सगळा लागतो!” भाचा मागून ओरडला. ड्रायव्हरने पैसे पुढे केले. मिस्त्रीने हात मागे घेतला. थोडी ओढाताण झाली आणि शेवटी ड्रायव्हरने त्यांतली एक नोट भाच्याच्या खिशात कोंबली.

उरलेल्या तुकड्यांची वाटणी व्हावयाची होती. भंगारातल्या दिव्याचे फुटके घर प्लास्टिकच्या पोत्यात गेले. तांब्याच्या तारा वेगळ्या झाल्या, चांगले मणी एका डबीत पडले. फुटक्या काचेतला तो पोळ्याच्या नक्षीचा तुकडा भाच्याने मागून घेतला. तो त्याला आपल्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर लावावयाचा होता, आणि तो तसाच चिकटविण्यास निघाला होता. मिस्त्रीने तुकडा त्याच्या हातून घेतला, नक्षीवर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पुन्हा अंधार करून त्याला टॉर्च धरावयास सांगितले. जेथे पाणी होते तेवढ्या जागी तुकडा विझला होता. त्या कोपऱ्यांना पाठीमागे कोरडी हवा लागते. पाणी चिकटले की प्रकाश आत वळण्याऐवजी पलीकडे निघून जातो.

मग मामा-भाच्यांनी मिळून फुटक्या घराचा एक सपाट तुकडा शोधला, तो तेवढ्याच आकाराचा कापला, कडेने काळ्या चिकाचा अखंड ओघळ दिला आणि नक्षीच्या पाठीवर दाबून बसविला. कापण्याचे काम मामाने केले. ओघळ भाच्याने दिला. तो थोडा वाकडा आला होता, पण कोठे तुटला नव्हता. तुकडा फळीवर ठेवल्यावर भाच्याने दोन वेळा उठून त्याला बोट लावून पाहिले. तिसऱ्या वेळी मामाने त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि तो हात मागे बांधून बसून राहिला.